बेळगावजवळच्या प्राणी निवाऱ्याचा अनुभव: शाळू घरी आला त्याला वर्ष झालं

शाळूला घरी आणून या नोव्हेंबरात वर्ष झालं. ज्या निवाऱ्यानं त्याला जगवलं त्याच्याबद्दल लिहायचं मी तेव्हाच ठरवलं होतं, पण मुद्दाम थांबले. आठ दिवसांच्या आनंदात लिहिलेलं आणि वर्षभर कुत्रा सांभाळून लिहिलेलं, यात फार फरक पडतो.

आधीच सांगते, निवाऱ्याचं नाव आणि नेमकी जागा इथं देणार नाही. त्यांनीच तशी विनंती केली आहे. मागं एकदा पत्ता सगळीकडं फिरला, तेव्हा पहाटे गेट उघडलं की पोत्यात बांधलेली पिल्लं सापडायची, नाहीतर गजाला बांधून ठेवलेला एखादा म्हातारा लॅब्रेडोर. त्यातल्या एका पोत्यातून पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा साथीचा रोग, आत आला आणि आतली धडधाकट पिल्लंही गेली. बेळगाव ते खानापूर पट्ट्यात आहे, डांबरी रस्ता सोडून आत, एवढं पुरे. ज्याला खरोखर गरज आहे त्याला जनावरांचे डॉक्टर नंबर देतात. मलाही तसाच मिळाला.

मी पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची बचत, गोळा करते. अनगोळातून निघायचं, मग पिरनवाडी, मच्छे, देसूर अशी माझी रोजची लाईन. दुकानं, गॅरेजं, चहाचे गाडे, कामगारांच्या खोल्या. रोज साठ-सत्तर ठिकाणी स्कूटर थांबते, त्यामुळं कुणाच्या घरी काय चाललंय हे न विचारता कळतं. या लाईनीवर एका मळ्यात बंगला आहे. मालक शहरात राहतात, महिन्या-दोन महिन्यांनी येतात. तिथला राखणदार मामा माझ्याकडं रोज वीस रुपये भरायचा. त्याच्या खोलीमागं, पत्र्याच्या शेडच्या कडेला, हा कुत्रा बांधलेला असायचा.

पहिल्यांदा पाहिला तो संक्रांतीच्या सुमाराला. लांब तोंड, लांब पाय, जोंधळ्याच्या रंगाचा. कुत्र्यापेक्षा मला जमीन आधी दिसली. त्याच्याभोवती एक गोल होता, चुन्यानं आखल्यासारखा नेमका. गोलाबाहेर गवत आणि आत घट्ट चोपलेली माती. साखळी तीन फुटांची. तो गोलाच्या कडेकडेनं फिरायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा.

"चावतंय ताई ते, जवळ जाऊ नकोसा," मामा म्हणायचे. मी लांबूनच बिस्किटाचा पुडा टाकायची आणि पुढच्या घरी जायची. असे सहा महिने गेले. हे लिहिताना आजही माझ्या पोटात कालवतं, पण खरं ते खरं. रोज संध्याकाळी साडेपाचला मी त्याला बघत होते आणि रोज पुढं जात होते.

तो मुधोळ हाऊंड होता, म्हणजे मुधोळकडचा कारवान. आपल्या भागात या जातीची ओढ सगळ्यांनाच आहे. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथल्या राजेसाहेबांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, हे शिकारी कुत्रे हौसेनं जोपासले. २००५ साली पोस्टानं त्याच्यावर तिकीटही काढलं. लष्करानं घेतल्यापासून तर पिल्लांचे भाव चढेच आहेत. बंगल्याच्या मालकांनी तिकडूनच जोडी आणली होती. मादी लहानपणीच मेली. हा राहिला, कोंबड्यांच्या मागं लागला म्हणून साखळीला गेला, आणि साखळीलाच मोठा झाला. जो प्राणी माळावर सशामागं सुटण्यासाठी घडला आहे त्याला तीन फूट साखळी. या जातीवर प्रेम आहे म्हणणाऱ्या प्रत्येकानं पिल्लू घ्यायच्या आधी आपल्याकडं पळायला जागा किती आहे ते मोजावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आषाढात पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस म्हणजे काय ते खानापूरच्या बाजूला राहणाऱ्याला सांगायला नको. चार-चार दिवस उघडीप नाही. गोलाचा चिखल झाला होता आणि तो त्यात उभा असायचा, कारण बसायला कोरडी जागाच नव्हती. एके दिवशी वास आला. छत्री धरून जवळ गेले. तो चावला नाही, गुरगुरलासुद्धा नाही. साखळीला जोडलेला चामड्याचा पट्टा बहुतेक पिल्लू असतानाच बांधलेला असणार. मान वाढली, पट्टा तेवढाच राहिला. एका बाजूला तो कातडीत रुतून दिसेनासा झाला होता आणि त्या फटीत काहीतरी हलत होतं. अळ्या.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्यांच्या म्हशीला बघायला आलेल्या डॉक्टरांकडून निवाऱ्याचा नंबर घेतला.

इथून खरं परीक्षण सुरू होतं, आणि सुरुवात तक्रारीनं करते. फोन उचलत नाहीत. तीन दिवस मी लावत होते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी नुसती रिंग. ज्याच्यासमोर जनावर मरायला टेकलंय त्या माणसाला तीन दिवस म्हणजे किती, हे त्यांना मी नंतर तोंडावर सांगितलं. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांचाच फोन आला. दिवसभर तिघंच माणसं असतात, हात औषधात नाहीतर घाणीत असतात, हे मला पुढं दिसलं. तरीही एक फोन आणि तो उचलणारा एक माणूस एवढी सोय व्हायलाच हवी.

पण फोन आल्यावर त्या बाईंनी, म्हणजे तिथल्या डॉक्टर मॅडमनी, जे विचारलं त्यावरून माणसं कामाची आहेत हे लगेच कळलं. उभा राहतोय का? पाणी पितोय का? तोंडातून लाळ गळतेय का, आवाज बदललाय का, अंगावर येतोय का? हे सगळं रेबीजसाठी विचारतात, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मालक कोण, मालकाचा नंबर आहे का? शेवटी म्हणाल्या, "फोटो पाठवा. आणि ताई, काहीही झालं तरी तुम्ही साखळी सोडायची नाही. दुखणारं कुत्रं कितीही गरीब असलं तरी चावतं."

मला वाटलं होतं की ते येतील, मालकाशी भांडतील, कुत्रा घेऊन जातील. तसं काही झालं नाही. मॅडमनी मालकांना फोन केला आणि अगदी शांतपणे बोलल्या. आखूड किंवा जड साखळीनं जनावराला अवाजवी काळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाखाली गुन्हा आहे, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, तुम्हाला जमत नसेल तर लिहून द्या, आम्ही नेतो, कुठं नाव येणार नाही. मालकांनी दुसऱ्या दिवशी कागदावर सही केली. मी नंतर रागानं विचारलं, गुन्हा का नाही घातला? मॅडम म्हणाल्या, "त्या कलमात पहिल्या वेळेला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. केस उभी राहीपर्यंत कुत्रा राहिला असता का?" पन्नास रुपये! माझ्या गिऱ्हाइकांतला पानपट्टीवाला रोजची पिग्मी याहून जास्त भरतो. कायदा कधी बदलायचा तेव्हा बदलेल, पण त्या दिवशी त्या सहीनं एक जीव वाचला.

न्यायला एक जुनी मारुती व्हॅन आली. तिच्यातून उतरले ते अण्णा. अण्णा निवाऱ्यात कुत्र्यांची देखभाल करतात, मूळचे गोकाककडचे, कानडी माणूस, मराठी मोडकंतोडकं. त्यांनी कुत्र्याकडं पाहिलंसुद्धा नाही. पाठ करून गोलाच्या बाहेर ओल्या गवतात बसले, पंधरा-वीस मिनिटं. मी छत्री घेऊन उभी. मग न वळताच हळू म्हणाले, "बा... बा इल्ली." सहा महिने मी "ये ये" करत होते तेव्हा ज्यानं मान वर केली नव्हती, त्या कुत्र्यानं कान टवकारले. मुधोळकडचं पिल्लू, मालकांच्या घरची भाषा कानडी, राखणदार मामा त्याच्याशी कधी बोललेच नाहीत. त्याला मराठी येतच नव्हती.

अण्णांनी तोंडाला पट्टीचा फास बांधला, पट्टा कापायला लहान कातरी आणली होती पण तिथं कापला नाही. "रक्त येतंय ते, टेबलावर," म्हणाले. साखळी मधेच करवतीनं तोडली आणि गळ्यातल्या तुकड्यासकट त्याला पोत्यात गुंडाळून उचललं. निवाऱ्यात वजन केलं, १२ किलो ८००. या जातीचा मोठा नर वीस-बावीस किलोच्या पुढंच असतो. मॅडमनी कार्डावर लिहिलं, शरीराची अवस्था नऊपैकी एक, म्हणजे सगळ्यांत खालची.

भूल देऊन पट्टा काढताना मी बाहेर होते. आत तासभर चिमट्यानं अळ्या वेचत होते, जखम धुवायची, पुन्हा वेचायचं. खेड्यात आपण अशा जखमेत टर्पेंटाईन ओततो किंवा फिनेल. मॅडमनी सांगितलं, त्यानं अळ्या बाहेर येतात हे खरं, पण जिवंत मांसही भाजतं आणि कुत्रं ते चाटून विष पोटात घेतं. हे ज्याच्या घरी जनावर आहे त्यानं लक्षात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. तूपभात, अर्धा किलो चिकनचा रस्सा, पोरगं उपाशी आहे म्हणून. अण्णांनी डबा घेतला आणि कपाटावर ठेवला. मला राग आला. मग मॅडमनी बसवून समजावलं. खूप दिवस उपाशी राहिलेलं शरीर स्वतःची चरबी आणि मांस जाळून चालायला शिकलेलं असतं. त्यात एकदम पोटभर भात घातला की रक्तातलं इन्सुलिन वाढतं, आणि फॉस्फरस-पोटॅशियम रक्तातून पेशींत ओढलं जातं. रक्तात ते कमी पडलं की स्नायू ढिले पडतात, हृदयाचे ठोके चुकतात. उपासमारीत जगलेलं कुत्रं दयेच्या जेवणानं मरतं. म्हणून पहिले काही दिवस त्याच्या गरजेच्या पाव हिस्साच, दिवसातून सहा वेळा, मुठीएवढं उकडलेलं चिकन नाहीतर अंडं. भात जवळजवळ नाहीच. मग रोज थोडं थोडं वाढवत दहा-बारा दिवसांनी पूर्ण जेवण. मी त्या कपाटावरच्या डब्याकडं बघत राहिले. तो तूपभात मी त्याला मळ्यातच घातला असता तर?

रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, एर्लिचिया. प्लेटलेट खूपच खाली. डॉक्सीसायक्लिन अठ्ठावीस दिवस, आणि तेही रिकाम्या पोटी नाही, कारण गोळी घशात अडकली तर अन्ननलिका भाजते. चार दिवसांत ताप उतरतो, कुत्रं हिंडाफिरायला लागतं आणि माणसं गोळ्या थांबवतात. त्यांनी थांबवल्या नाहीत. भिंतीवर वहीचं पान चिकटवलं होतं, अठ्ठावीस चौकटी, प्रत्येक गोळीला अण्णांची सही. मी रोज पन्नास वह्यांत आकडे भरणारी बाई आहे. नोंद कशी ठेवतात यावरून माणूस ओळखते. त्या पानावर एकही चौकट रिकामी नव्हती.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले ती सांगते.

दोन-अडीच आठवड्यांनी जखम सुकायला लागली, तेव्हा त्याला पहिल्यांदा मोकळ्या आवारात सोडलं. जाळीचं कुंपण, आत चांगलं अर्ध्या गुंठ्याचं अंगण, एक फणसाचं झाड. गळ्यात काही नाही. मला वाटलं पळेल. मी मोबाईल काढून तयार होते. तो मधोमध गेला, थांबला आणि फिरायला लागला. गोल. तीन फुटांचा. गळ्यात साखळी नाही, खुंटी नाही, तरी तोच गोल, त्याच कडेनं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मी जाळीला धरून रडले.

अण्णा म्हणाले, "साखळी गळ्यातली काढली. डोक्यातली हाय अजून."

मग त्यांनी जे केलं ते मी सत्तर-ऐंशी दिवस बघितलं. जेवणाची वाटी गोलाच्या आत ठेवायची नाही. पहिल्या दिवशी बरोबर कडेवर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चार बोटं बाहेर. मान लांब करून खाईल एवढं. मग वीतभर बाहेर. तिथं तो अडला. वाटी वीतभर लांब, तो कडेवर उभा, लाळ गळतेय, पुढचा पाय उचलतो आणि परत आत ठेवतो. अण्णा पाठ करून बसलेले. ढकललं नाही, ओढलं नाही, हाक मारली नाही. त्या दिवशी तो जेवलाच नाही, मग संध्याकाळी वाटी पुन्हा चार बोटांवर आणली. मला वाटलं, हार मानली. तर अण्णा म्हणाले, आज त्यानं पाय उचलला ना, तो मोजायचा.

नागपंचमी झाली, गणपती आले. मी आठवड्यातून दोनदा लाईन संपवून जात होते. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा वाटी फणसाच्या बुंध्याशी होती, आणि तो तिथं खात होता. चारी पाय गोलाच्या बाहेर. खाऊन झाल्यावर परत मधे जाऊन दोन फेऱ्या मारल्या खऱ्या. पण मधे जाताना सरळ रेषेत गेला.

त्याचं नावही त्याच दिवसांत पडलं. रजिस्टरात तो नुसता नंबर होता. शाळू अंगणात वाळत घातला की जो रंग दिसतो तो त्याचा रंग, म्हणून मी शाळू म्हटलं. अण्णांनी तेच लिहिलं.

निवाऱ्याची बाकीची माहिती थोडक्यात. साठेक कुत्री, वीसभर मांजरं, दोन गाढवं, एक पाय नसलेली गाय. वास येतो, येणारच, पण कोपऱ्यात घाण साठलेली मी कधी पाहिली नाही. नवीन आलेलं कुत्रं आधी वेगळ्या खोलीत, दोन आठवडे, डिस्टेंपर-पार्व्होसारख्या साथींच्या भीतीनं. त्या खोलीत जाणाऱ्याचे बूट वेगळे. पावसाळ्यात खालच्या रांगेतल्या पिंजऱ्यांत पाणी येतं, ही मोठी उणीव आहे. फरशी उंच करायला हवी, त्यांनाही ते कळतं, पैसा नाही. पत्र्यावर पाऊस वाजला की आतली भेदरट कुत्री थरथरतात. शाळूही थरथरायचा.

रस्त्यावरची कुत्री ते कायमची ठेवून घेत नाहीत, यावर पुष्कळ लोक चिडतात. "आमच्या गल्लीतली घेऊन जावा की" असा फोन तर रोजचा. पण २०२३ च्या नियमांप्रमाणं रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली की त्याला जिथून उचललं तिथंच सोडायचं असतं, कानाला व्ही आकाराची खूण करून. निवारा आहे तो आजारी, जखमी आणि टाकून दिलेल्यांसाठी. माणसानं पाळून मग वाऱ्यावर सोडलेली कुत्रीच तिथं जास्त आहेत, आणि त्यात महागड्या जातींची कितीतरी. एक हस्की आहे, बर्फातल्या थंडीचा कुत्रा. बेळगावच्या एप्रिलमध्ये हस्की!

नियमित येणाऱ्यांना ते आधीच रेबीजची लस टोचून घ्यायला सांगतात. तीन इंजेक्शनं, पहिल्या दिवशी, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. मी घेतली. ती घेतलेली असली तरी चावलं तर पंधरा मिनिटं साबणानं जखम धुवायची आणि पुढची इंजेक्शनं घ्यायचीच, हे त्यांनी दोनदा वदवून घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटी मी म्हणाले, शाळूला मी नेते. मला वाटलं सगळ्यांना आनंद होईल. मॅडम म्हणाल्या, "आत्ता नाही." खरं सांगते, अपमान वाटला. जिनं त्याला शोधलं तिलाच नाही म्हणता? त्यांची कारणं तीन होती. एक, नसबंदी व्हायची होती, आणि वजन वीसच्या पुढं गेल्याशिवाय त्या भूल देणार नव्हत्या. आणलं त्या दिवशी इलाज नव्हता म्हणून दिली होती. हाऊंड जातीच्या अंगात चरबी कमी, काही भुलीची औषधं त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाहीत, म्हणून औषधही निवडून घ्यावं लागतं. दुसरं, आमचं घर गल्लीत, शेजारी कोंबड्या, आणि हा कुत्रा हलणारं काहीही दिसलं की सुटतो. तिसरं, सासूबाईंना विचारलंय का?

विचारलं नव्हतं.

अण्णा घर बघायला आले. सासूबाईंनी चहा दिला, कानडीत बोलल्या. त्यांचं माहेर हुक्केरीकडचं, कानडी त्यांना माझ्यापेक्षा चांगली. अण्णांनी कंपाउंडची उंची पावलांनी नाही, टेपनं मोजली. साडेचार फूट. म्हणाले, हा उभ्या उभ्या मारील उडी, वर दोन फूट जाळी लावा. आमच्या ह्यांनी लावली, साडेतीन हजार खर्च आला. मग सासूबाई दोनदा निवाऱ्यात आल्या आणि त्यांनीच त्याला पहिल्यांदा "कूड्रु" म्हटल्यावर तो बसला. मी म्हटल्यावर नव्हता बसला.

नोव्हेंबरात कागद झाले. साखळीनं बांधणार नाही, विकणार नाही, पिल्लं काढणार नाही, जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला न देता इथंच परत आणीन, अशा अटी. कागद कानडी आणि मराठी दोन्हीत आहे, ही गोष्ट मला फार आवडली. सासूबाईंनी वाचून मग सही केली. पैसे मागितले नाहीत. मी माझ्या मनानं दिले, त्याची पावती मिळाली. एक चूक मात्र झाली. लसीच्या कार्डावर पुढच्या डोसची तारीख घालायची राहिली होती, आणि आमच्या इथल्या डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. फोन लावला तर तीच रिंग. तुम्ही कुत्रा आणाल तेव्हा कार्ड तिथंच उभं राहून, ओळ न् ओळ वाचून घ्या.

घरचे पहिले दोन महिने सोपे नव्हते. रात्री अंगणात तो पुन्हा गोल फिरायला लागला. मी घाबरून फोन केला, या वेळी अण्णांनी उचलला. "नवीन जागा हाय. वाटी," एवढंच म्हणाले. मग मी तेच केलं, कडेवर, चार बोटं बाहेर, वीतभर बाहेर. आमच्या अंगणात त्याला नऊ दिवस लागले.

आणि चंपाषष्ठीची गोष्ट. आमच्या घरी खंडोबाचं आहे. त्या दिवशी वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य देवाच्या कुत्र्याला घालतात. इतकी वर्षं सासूबाई गल्लीतल्या कुत्र्यांना घालत आल्या. यंदा घरातच कुत्रा, त्यांना कोण आनंद! पण निवाऱ्यानं दिलेल्या कागदावर ठळक लिहिलं होतं, कांदा आणि लसूण कुत्र्याला चालत नाही, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चातुर्मासात सोडलेला कांदा ज्या दिवशी पुन्हा खायला लागायचं, तोच हा दिवस. मी कशी सांगू, अशा विचारात स्वयंपाकघराच्या दारात उभी. सासूबाईंनी न विचारता दोन पातेली मांडली. एकात कांदा परतला. दुसऱ्यातलं वांगं नुसतं भाजून, सोलून, कणभर तूप घालून ठेवलं. म्हणाल्या, "देवाचा कुत्रा म्हणजे त्याला सोसंल तेच द्यायचं की. अण्णा सांगूलालते त्या दिवशी, मी ऐकलंय." रोडगा कुस्करून, भरीत कालवून तळहातावर धरलं. शाळू त्यांच्या हातातून खात नव्हता तोवर. त्या दिवशी मान लांब केली, मग एक पाऊल पुढं आला आणि हात चाटून पुसून काढला. मानेवरची पट्ट्याची खूण तेव्हा अगदी डोळ्यांसमोर होती. तिथं केस आले नाहीत, येणारही नाहीत असं मॅडम म्हणतात. सासूबाईंनी त्याच जागेवर भंडाऱ्याचं बोट लावलं.

आज त्याचं वजन चोवीस किलो आहे. पहाटे साडेपाचला आमचे हे त्याला मोकळ्या माळावर नेतात, पन्नास फुटांची दोरी लावून. दोरी सोडायची हिंमत अजून नाही, ससा दिसला तर तो खानापुरात थांबेल. फटाक्यांना भितो, पुरुषांच्या हातात काठी दिसली तर लघवी होते. हे जाईल की नाही माहीत नाही, आणि निवाऱ्यानंही कधी "अगदी नॉर्मल होईल" असं सांगून दिला नव्हता. त्यांनी जसा दाखवला तसाच दिला. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं तेच वाटतं. कुत्रा खपवायची घाई नाही, खोटी आशा नाही.

पाचपैकी चार देते. एक कापला तो फोनसाठी. पत्र्याखालच्या पाण्यासाठी कापला नाही, कारण ते आपण लोकांनी मिळून निस्तरायचं आहे.

जाणार असाल तर रविवारी दुपारी तीननंतर जा, सकाळी साफसफाई असते. बिस्किटं नेऊ नका. जुन्या चादरी, वर्तमानपत्रांची रद्दी, अंडी, फिनाईलऐवजी जंतुनाशक म्हणून ते जे सांगतील तेच. फोटो काढायच्या आधी विचारा, काही कुत्री मोबाईल समोर धरला की कोपऱ्यात शिरतात. आणि पिल्लू पोत्यात घालून नेऊ नका, दिवसाढवळ्या गेटावर जाऊन बोला, ते ऐकून घेतात.

उद्या रविवार आहे. सासूबाईंनी चार जुन्या वाकळा धुऊन बांधून ठेवल्या आहेत. शाळूला बरोबर नेणार नाही. तो वास, ते आवाज त्याला पुन्हा नकोत, अजून वर्षभर तरी नको, असं अण्णांनी सांगितलंय. त्याचा फोटो तेवढा नेते, फणसाच्या झाडाखालच्या भिंतीवर ते लावतात.